आधी ऐका, मग मत मांडा : रत्नागिरीतील जुन्या रेकॉर्डांच्या दुकानाविषयी

कोकणात राहून जुन्या रेकॉर्डांचा नाद जोपासणाऱ्या माणसापुढे आजवर दोनच वाटा होत्या. मुंबईच्या चोरबाजारात जायचे, तबकडी उजेडात तिरकी धरून चरे किती पडले आहेत एवढे पाहायचे, पैसे मोजायचे आणि घरी परतल्यावर पदरात काय पडले ते ऐकायचे. नाहीतर घरपोच मागवायचे आणि तीच जोखीम टपालखर्चासह पत्करायची. रत्नागिरीच्या जुन्या बाजारपेठेत, एका माडीवर चालणाऱ्या रेकॉर्डांच्या दुकानाने ही अडचण साध्या नियमाने सोडवली आहे. येथे विक्रीची कोणतीही तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून ऐकता येते, आणि ऐकल्यानंतर घेतली नाही तरी मालकांच्या कपाळावर आठी पडत नाही. या नियमामुळे दुकानाचे हळूहळू श्रोत्यांच्या बैठकीत रूपांतर झाले आहे. दर शनिवारी संध्याकाळी तेथे आवडत्या गायकांवर, वाद्यवृंदांवर आणि मैफलींवर जे वाद चालतात, ते मला त्या दुकानातील सर्वांत मौल्यवान वस्तू वाटतात, कारण ज्याविषयी वाद चालू आहे ती तबकडी समोर फिरत असते.

प्रथम मालाविषयी. भिंतींना लागून लाकडी फडताळे आहेत आणि त्यांत सर्व तबकड्या उभ्या ठेवलेल्या आहेत, एकीवर एक रचलेल्या नाहीत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जुन्या तबकड्या वेगळ्या, पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या ईपी वेगळ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या एलपी वेगळ्या, आणि खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात कॅसेटी. मांडणी चित्रपटाच्या नावाने केलेली नसून गाणाऱ्याच्या किंवा संगीतकाराच्या नावाने केली आहे. नाट्यसंगीत आणि मराठी भावगीत हा संग्रह भरघोस आहे, हिंदी चित्रपटसंगीत पुरेसे आहे, शास्त्रीय वाद्यसंगीत बरे आहे आणि पाश्चात्त्य बँडचा कप्पा मात्र तोकडा आहे. सर्वसाधारण हिंदी एलपीला पाचशे रुपयांच्या आसपास पडतात, लाखेची तबकडी दोनशेपासून मिळते, दुर्मीळ नाट्यपदांची किंमत बोलून ठरते. मुंबईच्या मानाने हे दर फार कमी नाहीत. परंतु ऐकून घेतलेली तबकडी आणि न ऐकता घेतलेली तबकडी यांची किंमत एकाच मापाने मोजता येत नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्या संग्राहकाचा खरा वैरी दमट हवा हा आहे. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे बंद कपाटातील चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तशीच ती रेकॉर्डच्या पुठ्ठ्याच्या कव्हरालाही येते, आणि तेथून आतल्या कागदामार्गे चरीत, म्हणजे सुई जिच्यातून फिरते त्या खाचेत, उतरते. चरीत बसलेली बुरशी नुसती दिसत नाही, ती ऐकू येते : गाण्याच्या शांत जागी, विशेषतः नुसता तानपुरा चालू असताना, मागे सतत तडतड चालू राहते. येथील मालकांनी फडताळांच्या खालच्या खणांत मंद दिवे लावले आहेत, पावसाळ्यात ते दिवसरात्र चालू असतात, आणि प्लॅस्टिकच्या घट्ट पिशव्या त्यांनी जवळजवळ बंद केल्या आहेत, कारण त्या ओल आत कोंडून ठेवतात.

तबकडी धुऊन देण्याची सेवाही ते देतात आणि तिचे मी मोकळ्या मनाने कौतुक करतो. एलपी विनाइलची असते. ती शुद्ध केलेल्या पाण्यात सौम्य साबणाचे थेंब आणि थोडे अल्कोहोल मिसळून, मऊ ब्रशने, चरीच्या दिशेने धुतली जाते. लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोलचा थेंबही लावला जात नाही. सुतार लाकडाला पॉलिश करण्यासाठी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात. तोच गुणधर्म येथे घात करतो, आणि ज्यांनी हौसेने घरच्या जुन्या तबकड्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या त्यांच्या हाती चर बुजलेली काळी थाळी उरली. मी आमच्या घरातील वारशाने आलेली एक तबकडी धुवायला दिली होती. मालकांनी ती आधी भिंगाखाली पाहिली, मधल्या लेबलावर मेणकागदाची चकती दाबून धरली जेणेकरून पाणी कागदापर्यंत जाऊ नये, आणि धुतल्यानंतर ती पंख्याखाली न ठेवता उभी करून सावलीत निथळू दिली. पंख्याचा वारा धूळ आणून ओल्या चरीत बसवतो, हे कारण त्यांनी विचारल्यावरच सांगितले. परत आलेल्या तबकडीतला मूळ चरा अर्थातच गेला नाही, परंतु त्यामागे झाकला गेलेला सारंगीचा स्वर स्पष्ट ऐकू येऊ लागला.

दोन प्रकारच्या तबकड्यांसाठी दोन सुया ठेवल्या आहेत, याचाही उल्लेख करायला हवा. लाखेच्या तबकडीची चर रुंद असते आणि तिला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीच्या चरीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून बारीक सुई लागते. एलपीची सुई लाखेच्या चरीत घातली तर ती तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच अधिक वर काढते. ‘जुन्या रेकॉर्डी अशाच वाजायच्या’ असे जे सरसकट म्हटले जाते, त्यातले बरेचसे पाप चुकीच्या सुईचे आहे. अलीकडे किनाऱ्यावरील होमस्टेचे मालक शोभेसाठी पितळी कर्ण्याचे चावीचे फोनो विकत घेतात आणि त्यावर वाजवायला येथे एलपी मागतात. दुकानाचे मालक त्यांना एलपी विकत नाहीत. त्या यंत्राच्या जड डोक्याखाली आणि पोलादी सुईखाली एलपीची चर एका वेळेत खरवडून निघते, म्हणून ते त्यांना आधीच झिजलेल्या लाखेच्या तबकड्या नाममात्र किमतीत देतात. हातचे गिऱ्हाईक सोडून माल वाचवणारा दुकानदार मी क्वचितच पाहिला आहे.

आता शनिवारच्या संध्याकाळविषयी. त्या बैठकीचा अलिखित नियम असा की, तबकडीची बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचे नाही. वय, शिक्षण, गाण्याचा अभ्यास यांपैकी कशालाही त्यातून सूट नाही. निवृत्त शिक्षक असतात, मिरकरवाड्याच्या बंदरावरून आलेले मासळीचे व्यापारी असतात, अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतात, भजनी मंडळातले पखवाजवादक असतात. बाजू संपली की मग मात्र कोणी कोणाचे ऐकून घेत नाही.

मला सर्वांत लक्षात राहिलेला वाद ‘संन्यस्त खड्ग’ या नाटकातील पदांवरून झाला. १९३१ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात लिहिले, पदांना चाली दिल्या सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या रामकृष्णबुवा वझे यांनी, आणि ती बलवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीच्या मास्टर दीनानाथांनी, म्हणजे गोव्यातील मंगेशीच्या सुपुत्राने, गाजवली. लेखन, चाल आणि गळा अशा तिन्ही बाबतींत या किनारपट्टीचा हक्क पोहोचावा असे दुसरे नाटक मला आठवत नाही, त्यामुळे रत्नागिरीत त्यावरून आवाज चढतात यात आश्चर्य नाही. एका ज्येष्ठ श्रोत्याचे म्हणणे असे की, दीनानाथांच्या तानेतला तो भाल्याच्या फेकीसारखा आवेग पुढे कोणालाच साधला नाही, आणि नंतरच्या गायकांनी ही पदे गोड केली पण त्यांतले पाणी घालवले. समोरच्या तरुणाने विचारले, “काका, हा आवेग गळ्याचा किती आणि तबकडीच्या वेगाचा किती, हे आपण आधी ठरवायला नको का?”

प्रश्न रास्त होता. त्या काळच्या साऱ्या तबकड्या काटेकोरपणे ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झाल्या असे धरून चालता येत नाही. जुन्या मुद्रणांत वेग थोडाफार इकडेतिकडे झालेला सापडतो. ७८ ऐवजी साधारण साडेब्याऐंशी फेऱ्यांनी तबकडी फिरली तर काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या लगतच्या वरच्या पट्टीत, ऐकू येते, लय वाढते आणि तान अधिक टोकदार वाटते. मालकांच्या यंत्रावर वेग कमीजास्त करण्याची सोय आहे. त्यांनी बाजूची पायपेटी उघडली आणि तबकडीवरील साथीच्या ऑर्गनचा स्वर पेटीवर शोधायला सुरुवात केली. साथीचा स्वर दोन पट्ट्यांच्या मधोमध लटकत असेल तर बहुधा वेग बरोबर नाही, अशी ही साधी कसोटी आहे. वेग किंचित खाली आणल्यावर ऑर्गन पट्टीत बसला. मग तीच बाजू पुन्हा ऐकली गेली. आवाज थोडा भरदार झाला, परंतु तानेची फेक तशीच राहिली. ज्येष्ठ श्रोत्यांचे समाधान झाले, तरुणानेही आपला प्रश्न वाया गेला नाही असे मानले. मला दोघांचेही पटले, आणि त्याहून अधिक पटली ती रीत : कोणाचेही मत नुसत्या वयाच्या किंवा आवाजाच्या जोरावर तेथे टिकत नाही.

कोळीगीतांवरचा वाद असाच रंगला होता. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे स्वर असलेले ‘मी डोलकर’ वाजवले गेले. बहुतेकांनी मनापासून दाद दिली. बंदरावरून आलेल्या एका गृहस्थांनी गाण्याची गोडी मान्य केली, पण या गाण्याला साऱ्या कोकणचे गाणे म्हणण्यास त्यांनी ठाम नकार दिला. त्यांचा मुद्दा असा होता की डोलीची, म्हणजे समुद्रात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची, मासेमारी मुख्यतः उत्तरेकडची, मुंबई आणि रायगडच्या कोळीवाड्यांची. दक्षिणेकडे मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे, ओढली जाते, आणि रापण ओढताना सारा गाव दोराला लागून ज्या हाका घालतो त्यांची लय पूर्णपणे वेगळी असते. हेमंतकुमारांसारखा बंगाली गायक हे गाणे इतके आपलेसे करून गातो हे त्यांना फार आवडते, पण रापणीच्या हाकांची चांगली तबकडी का निघाली नाही हा सल त्यांच्या मनात आहे. दुकानातल्या कोणापाशीही त्याचे उत्तर नव्हते. मला स्वतःला हृदयनाथांच्या त्या रचनेत वल्ह्याच्या फटक्याचा जो तोल सापडतो तो अस्सलच वाटतो. तरी किनारा एकच असला तरी त्याची गाणी अनेक आहेत, हे त्या संध्याकाळी प्रथमच इतक्या ठळकपणे माझ्यापुढे आले.

कॅसेटींच्या कोपऱ्यात वेगळीच गर्दी असते. सिंधुदुर्गातील डबलबारी भजनांचे चाहते आपापल्या बुवांविषयी जेवढ्या निष्ठेने बोलतात, तेवढ्या निष्ठेने क्रिकेटच्या संघाविषयीही कोणी बोलत नसेल. समोरासमोर बसलेले दोन बुवा, पेटी, पखवाज, झांजा आणि मागे कोरस अशी ती रात्रभराची झुंज असते. एकाने टाकलेल्या कोड्याला दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचे असते आणि गजर सुरू झाला की मंडपातला माणूस खाली बसून राहत नाही. कॅसेटवर यातले निम्मेच येते, हे चाहतेही मानतात. तरीही एका विशिष्ट कॅसेटमध्ये पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे चामडी तोंडाला, कणीक ताजी लावलेली आहे की वाळलेली, हे नुसत्या घुमाऱ्यावरून ओळखणारे कान मी येथेच पाहिले. गणेशोत्सवातल्या बेंजो पार्ट्यांच्या, म्हणजे मिरवणुकीत वाजवणाऱ्या वाद्यपथकांच्या, चाहत्यांना मात्र या दुकानात फारसे काही मिळणार नाही.

पाश्चात्त्य बँडचा कप्पा तोकडा असला तरी त्यातून झालेली एक चर्चा मी विसरणार नाही. विद्यार्थ्यांनी पिंक फ्लॉइड या बँडची १९७३ सालची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही एलपी लावली. पहिल्या बाजूच्या शेवटी क्लेअर टोरी या गायिकेचे शब्दावाचून गाणे आहे. तिला त्या कामाचे तीस पौंड देण्यात आले होते आणि तिने ते जागेवर स्फुरेल तसे गायले होते. नाट्यसंगीताखेरीज दुसरे काही न ऐकणारे एक आजोबा त्या बाजूला शेवटपर्यंत मान खाली घालून बसले होते. बाजू संपल्यावर ते म्हणाले, “ही बाई आलापच करते आहे, फक्त तिच्यामागे तानपुरा नाही.” यावर विद्यार्थ्यांनी हरकत घेतली, कारण आलापाला रागाची चौकट असते आणि येथे चौकट आहे ती मागे बदलत जाणाऱ्या स्वरमेळांची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची (कॉर्डची), गायिका त्या स्वरमेळांवरून चालत जाते, एका षड्जाभोवती फिरत नाही. आजोबांनी पुन्हा ऐकायला मागितले. दुसऱ्या वेळी त्यांनी हरकत मान्य केली, पण टोरीचा आवाज हुंदक्यावरून कुजबुजीवर उतरतो ती जागा त्यांनी बरोबर पकडली आणि ती मुलांनी आजवर लक्ष देऊन ऐकलीच नव्हती. मोबाइलवर ही गाणी एकापाठोपाठ एक सरकत जातात. येथे तबकडी उलटण्यासाठी उठावे लागते, आणि त्या मोकळ्या वेळातच हे सारे बोलणे झाले.

मैफल मोठी की रेकॉर्ड, हा वाद तेथे वरचेवर उफाळतो. थिबा राजवाड्याच्या आवारातील संगीत महोत्सवाला जाणारे श्रोते मैफलीच्या बाजूचे आहेत. उघड्यावरच्या कार्यक्रमात खाऱ्या ओलसर वाऱ्याने तबल्याची पुडी सैल पडते, स्वर उतरतो, वादक हातोडीने पुन्हा चढवतो, आणि तोवर गायक एखादी जागा वेगळ्याच मिजाशीने फिरवून दाखवतो. असे काही तबकडीवर सापडत नाही, असे ते म्हणतात. रेकॉर्डवाल्यांचे उत्तर केसरबाई केरकर हे असते. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेच्या मैफली ऐकलेली माणसे आता क्वचितच सापडतील, पण त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर आहे, आणि केसरबाईंचे निधनही त्याच वर्षी झाले. साडेतीन मिनिटांच्या त्या मुद्रणात तासभराच्या ख्यालाचा विस्तार अर्थातच मावत नाही. परंतु माझे मत असे आहे की त्या पिढीच्या गायकांनी तीन-साडेतीन मिनिटांची अट एक शिस्त म्हणून स्वीकारली : कोणती जागा घ्यायची यापेक्षा कोणती सोडायची हे त्यांना आधी ठरवावे लागे, आणि ती निवड ऐकण्यासाठी तबकडीच हवी. मैफलीत ती ऐकू येत नाही.

काही गोष्टी सुधारायला हव्यात. जिना अरुंद आणि उभा आहे, कठड्याचा आधार एकाच बाजूला आहे, त्यामुळे ज्यांच्यापाशी सर्वांत अधिक आठवणी आहेत अशा वयस्कर श्रोत्यांना वर येणे अवघड जाते. एक शनिवार तळमजल्यावरच्या एखाद्या सभागृहात घेतला तर ते अनेकांवर उपकार होतील. कॅसेटींची अवस्था सांगताना मालक जेवढे काटेकोर असायला हवेत तेवढे नाहीत. तबकडी ते पूर्ण ऐकवतात, पण कॅसेटची एकच बाजू वाजवतात. मी घेतलेल्या एका भजनाच्या कॅसेटची दुसरी बाजू मध्येच खराब निघाली. ती त्यांनी विनातक्रार बदलून दिली, तरी दुसरी बाजूही तपासण्याची पद्धत सुरू करणे योग्य ठरेल. दुर्मीळ तबकड्यांवर किंमत लिहिलेली नसते, आणि त्यामुळे नवख्या माणसाला संकोच वाटतो. बैठकीत स्त्रिया फार थोड्या दिसतात. वेळ संध्याकाळी उशिराची आहे हे त्याचे एक कारण असावे. दुपारची बैठक ठेवून पाहायला हरकत नाही.

तबकडीवरील गाणे संगणकावर उतरवून देण्याची सेवाही येथे आहे आणि तिचे दर बाजूगणिक आकारले जातात. या कामात मालक खरखर काढून टाकणारी संगणकीय गाळणी अगदी हलकी वापरतात. काही ग्राहकांना त्यामुळे प्रत पुरेशी स्वच्छ वाटत नाही, परंतु मी या बाबतीत मालकांच्या बाजूचा आहे, कारण गाळणी जास्त लावली की खरखरीबरोबर तंबोऱ्याचा झंकार आणि गायकाचा श्वास हेही निघून जातात. ज्यांना दोन्ही हवे असेल त्यांनी मूळ प्रत आणि गाळलेली प्रत अशा दोन्ही मागून घ्याव्यात. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि व्होल्टेज खालीवर होते, तेव्हा यंत्राचा वेग बिघडू नये म्हणून ते हे काम थांबवतात, त्यामुळे तबकड्या दिवाळीनंतर नेऊन द्याव्यात हे उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत खरेदी करणाऱ्यांनी एलपी गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नये. त्या उन्हात विनाइल वाकते आणि वाकलेली तबकडी हे दुकानही सरळ करून देत नाही. एसटीने जाणाऱ्यांना मालक दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये बांधून देतात. गठ्ठा आडवा न ठेवता मांडीवर उभा धरून न्यावा.